मराठवाड्याच्या उन्हात आणि मोजक्या पाण्यात कृष्णधवल रोल घरी धुताना

कृष्णधवल रोल घरी धुण्यासाठी स्वतंत्र डार्करूम बांधावी लागत नाही. रोल डबीतून काढून टँकमध्ये, म्हणजे उजेड आत न शिरू देणाऱ्या झाकणाच्या भांड्यात, बसवेपर्यंतची दहा-पंधरा मिनिटे तेवढा पूर्ण अंधार लागतो आणि तो अंधार एका चेंजिंग बॅगेत, म्हणजे फक्त हात आत घालता येतील अशा काळ्या पिशवीत, मावतो. टँकचे झाकण बसले की पुढचे सगळे काम मोरीत, ओसरीवर किंवा न्हाणीघराच्या दारात लख्ख उजेडात करता येते. आपल्याकडे, म्हणजे छत्रपती संभाजीनगरपासून लातूर-नांदेडपर्यंतच्या पट्ट्यात, नवख्या माणसाचा रोल बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्याने. डेव्हलपरसोबत, म्हणजे फिल्मवरचे चित्र उमटवणाऱ्या रसायनासोबत, मिळणाऱ्या तक्त्यांतील वेळ साधारणपणे 20 अंश सेल्सिअस तापमान धरून दिलेले असतात. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीतून दुपारी येणारे पाणी मात्र हाताला चटका देते, आणि पौषातल्या पहाटे परभणीकडे तेच पाणी बोटे बधिर करते. शिवाय बोअरचे पाणी जड आणि नळाचे पाणी मोजके. म्हणून पुढील पद्धत तापमान सांभाळणे आणि पाणी वाचवणे या दोन गोष्टींभोवती बेतली आहे.

सामानाची जुळवाजुळव

पहिल्या रोलसाठी 35 मिमीची, 400 आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील आहे ते सांगणारा आकडा) साधी फिल्म घ्यावी. इल्फर्ड एचपी5 प्लस किंवा कोडॅक ट्राय-एक्स या दोन्ही फिल्म थोडी चूक पोटात घालतात आणि त्यांचे तक्ते सर्वत्र उपलब्ध आहेत. तालुक्याच्या गावी फिल्म मिळणे आता कठीण असल्याने ती ऑनलाइन मागवावी लागते. उन्हाळ्यात पार्सल तापलेल्या गाडीत पडून राहते, म्हणून शक्य असेल तर वर्षभराचा साठा थंडीतच मागवावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिजमधून काढलेला रोल दोन तास तरी बाहेर ठेवल्याशिवाय त्याच्या डबीचे झाकण उघडू नये, कारण थंड फिल्मवर हवेतील बाष्प लगेच धरते.

बाकीच्या सामानात फिल्म गुंडाळायचे रीळ आणि मधली नळी यांसह प्लास्टिकचा डेव्हलपिंग टँक, चेंजिंग बॅग, कात्री, डबी उघडायला बाटलीचे झाकण काढायचे ओपनर, मोजपात्र, फनेल, घड्याळ, रबरी हातमोजे आणि झाकणाच्या गडद बाटल्या लागतात. थर्मामीटरच्या बाबतीत तडजोड करू नये. ताप मोजण्याचे थर्मामीटर येथे कुचकामी ठरते, कारण त्याची मोजणी साधारण 35 अंशांच्या आसपास सुरू होते. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात 0 ते 110 अंशांचे काचेचे थर्मामीटर मिळते, ते घ्यावे. या कामाची भांडी पुन्हा स्वयंपाकात वापरू नयेत. रसायने थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवू नयेत आणि प्रत्येक बाटलीवर नाव व तारीख ठळक लिहावी, विशेषतः घरात लहान मुले असतील तर.

रसायने तीनच: चित्र उमटवणारा डेव्हलपर, त्याची क्रिया थांबवणारा स्टॉप बाथ आणि चित्र कायम करून फिल्म उजेडात नेण्याजोगी करणारा फिक्सर. स्टॉप बाथसाठी वेगळी बाटली मागवण्याची गरज नाही. किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, एक लिटर पाण्याला 15 ग्रॅम या प्रमाणात विरघळवले की काम होते; एका रोलच्या 300 मिलीलिटरला साडेचार ग्रॅम पुरते. फिक्सर शक्यतो अमोनियम थायोसल्फेटचे रॅपिड फिक्सर असावे. जुन्या स्टुडिओवाल्यांचे हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, आजही चालते, परंतु त्याला वेळ अधिक लागतो आणि नंतर धुवायला पाणीही अधिक लागते. पाण्याची टंचाई ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही शेवटची बाब पुरेशी आहे. एक्स-रेचे डेव्हलपर स्वस्तात मिळाले तरी या कामाला घेऊ नये; ते फार जहाल असते आणि साध्या फिल्मवर अतिशय कडक, मधल्या छटा हरवलेले निगेटिव्ह (उजेड-सावली उलटी उमटलेली फिल्म) देते.

डेव्हलपर पातळ का करावा

आपल्या हवामानात सर्वांत महत्त्वाचा निर्णय डेव्हलपरच्या प्रमाणाचा आहे. आयडी-11 किंवा कोडॅक डी-76 ही भुकटीतून तयार होणारी, जवळपास एकाच जातीची डेव्हलपर आहेत. एचपी5 प्लस ही फिल्म 400 आयएसओवर वापरली असेल, तर आयडी-11 च्या मूळ द्रावणात तिला 20 अंशांवर साडेसात मिनिटे लागतात. तेच द्रावण तितक्याच पाण्यात मिसळून, म्हणजे 1+1 प्रमाणात, वापरले तर 13 मिनिटे लागतात. थंड प्रदेशातील माणूस या दोहोंपैकी काहीही निवडू शकतो, पण आपली अडचण वेगळी आहे. पाणी जितके गरम तितकी रासायनिक क्रिया वेगाने होते आणि दर अंशामागे वेळ साधारण एक दशांशाने कमी करावा लागतो. मूळ द्रावणाचे साडेसात मिनिटे 26 अंशांवर जेमतेम सव्वाचार मिनिटांवर येतात, आणि पाच मिनिटांपेक्षा कमी वेळात फिल्म सगळीकडे सारखी धुतली जाण्याची खात्री राहत नाही, कारण ओतण्यात आणि रिकामे करण्यात गेलेले काही सेकंदही मग भारी पडतात. 1+1 द्रावणात मात्र 22 अंशांवर सुमारे 11, 24 अंशांवर सुमारे 9 आणि 26 अंशांवर साधारण साडेसात मिनिटे हाताशी राहतात. म्हणून मराठवाड्यात शिकणाऱ्याने डोळे झाकून 1+1 धरावे, उन्हाळ्यात 20 अंशांचा हट्ट सोडावा आणि 24 अंश हे आपले तापमान मानावे. हे आकडे सुरुवात करण्यापुरते आहेत. आपल्या फिल्म-डेव्हलपरच्या जोडीचा वेळ उत्पादकाच्या तक्त्यातूनच पाहावा.

भुकटी विरघळवण्यासाठी आरओचे किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी वापरावे. बोअरच्या पाण्यातील चुना डेव्हलपरमध्ये गाळ धरू शकतो आणि तो गाळ फिल्मवर बसतो. भुकटी ओतताना पंखा बंद ठेवावा, हातमोजे घालावेत. डेव्हलपरमधील मेटॉल काही जणांच्या कातडीला सोसत नाही. पाकिटावर सांगितलेल्या तापमानाच्या पाण्यात आधी पहिली पुडी पूर्ण विरघळू द्यावी, नंतरच दुसरी घालावी, आणि द्रावण रात्रभर निवू द्यावे. काठोकाठ भरून घट्ट बंद केलेल्या बाटलीत ते सुमारे सहा महिने टिकते. अर्धी बाटली मात्र लवकर खराब होते, म्हणून एक लिटर द्रावण लहान लहान बाटल्यांत भरून ठेवणे शहाणपणाचे. 1+1 करून वापरलेले द्रावण एका रोलनंतर टाकून द्यावे.

शक्य असेल तर पहिला रोल डिसेंबर-जानेवारीत धुवावा असे माझे मत आहे. त्या दिवसांत साठवलेले पाणी आपोआप 20 ते 22 अंशांच्या आसपास येते आणि नवख्याच्या डोक्यावरचे निम्मे ओझे उतरते.

अंधारातले काम

खरा सराव येथे हवा. एखादा जुना किंवा मुदत संपलेला रोल बळी देऊन तो आधी उजेडात, नंतर डोळे मिटून आणि शेवटी बॅगेत हात घालून रिळावर चढवून पाहावा; हाताला वाट सापडेपर्यंत खरा रोल उघडू नये. लाल दिवा लावून फिल्म चढवता येते असा समज अनेकांचा असतो. तो दिवा फोटो छापण्याच्या कागदासाठी असतो. आजच्या बहुतेक कृष्णधवल फिल्म लाल प्रकाशालाही संवेदनशील असतात आणि त्या दिव्याखाली पूर्ण काळ्या पडतात.

बॅगेत टँक, त्याची मधली नळी, रीळ, आतले झाकण, कात्री, ओपनर आणि रोल असे सगळे मोजून ठेवावे आणि मगच दोन्ही चेन लावाव्यात. डबीचे सपाट टोक ओपनरने उघडून फिल्म बाहेर काढावी, पुढची जीभ सरळ कापावी आणि कोपरे किंचित गोल करावेत, म्हणजे ते रिळात अडकत नाहीत. फिल्मचे टोक रिळाच्या दोन्ही खाचांत सरकवून छोट्या गोळ्यांच्या पलीकडे नेले की रिळाच्या दोन बाजू आळीपाळीने पुढे-मागे फिरवाव्यात; फिल्म स्वतःहून आत ओढली जाते. 36 फोटोंचा रोल सुमारे 1.6 मीटर लांब असतो. तो सरसर आत जात असेल तर सगळे ठीक आहे. करकर आवाज आला किंवा अडथळा जाणवला तर जोर लावू नये, थोडी फिल्म मागे घेऊन पुन्हा चढवावी.

उन्हाळ्यात याच टप्प्यावर घात होतो. बंद बॅगेत हात घातले की पाच मिनिटांत तळहात घामेजतात, बॅगेतली हवा दमट होते आणि प्लास्टिकचे रीळ किंचित ओले झाले की फिल्म त्यात चिकटून बसते, पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. असे झाले तर फिल्म टँकमध्ये टाकून नळी आणि झाकण बसवावे, हात बाहेर काढून पुसावेत, दहा मिनिटे पंख्याखाली बसावे आणि मग पुन्हा प्रयत्न करावा. झाकलेल्या टँकमध्ये फिल्म सुरक्षित असते. रीळ आदल्या दिवशी धुऊन पूर्ण वाळवलेले असावे. रात्री दहानंतर खिडक्या नसलेल्या खोलीत काम करणे बॅगेपेक्षा सुखाचे वाटेल, मात्र दार लावून पाच मिनिटे थांबल्यावरही कोठूनही उजेडाची रेघ दिसत नाही याची खात्री करावी आणि मोबाइल बाहेर ठेवावा. मधली नळी विसरली तर झाकण लावूनही टँकमध्ये उजेड शिरतो, हे कायम ध्यानात ठेवावे.

पाणी एका तापमानाला आणणे

टँक हातात घेण्याआधी सुमारे अडीच लिटर आरओचे पाणी वेगळे काढावे. एका रोलला दर टप्प्याला 300 मिलीलिटर लागते (प्लास्टिकच्या प्रचलित टँकमध्ये 35 मिमीच्या एका रिळाला 290 मिलीलिटर पुरते) आणि डेव्हलपर, स्टॉप, फिक्सर, तीन धुण्या आणि शेवटचे डिस्टिल्ड पाणी मिळून हिशोब 2.1 लिटरवर जातो. मोठ्या घमेल्यात पाणी भरून त्यात डेव्हलपर, स्टॉप आणि फिक्सरची भांडी आणि धुण्याच्या पाण्याची बाटली एकत्र उभी करावीत. मे महिन्यात घमेल्यातील पाण्यासाठी माठातले किंवा थंड जारचे पाणी उत्तम. कोरड्या हवेत माठ चांगला पाझरतो आणि पाणी बरेच खाली आणतो. बर्फ लागलाच तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घमेल्यात सोडावा, डेव्हलपरमध्ये कधीही टाकू नये. अर्ध्या तासात सगळी भांडी 24 अंशांवर येतात. डेव्हलपरमध्ये अर्ध्या अंशाचा फरकही टाळावा आणि बाकीच्या द्रावणांचा फरक एक-दोन अंशांच्या आत ठेवावा. फिल्मवरचा थर जिलेटिनचा असतो. 24 अंशांच्या फिक्सरमधून निघालेली फिल्म एकदम 38 अंशांच्या नळाखाली धरली तर तो थर फुगतो, त्याला सुरकुत्या पडून जाळीदार भेगांसारखी नक्षी उमटते किंवा तो कडांना सुटू लागतो. उन्हाळ्यात या कामासाठी गच्चीवरच्या टाकीचा नळ उघडूच नये.

टँकमधील टप्पे

मोजलेला डेव्हलपर टँकमध्ये भराभर ओतावा, घड्याळ सुरू करावे आणि झाकण लावून पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा हळुवार उलटा-सुलटा करावा. नंतर टँक ओट्यावर दोनदा हलकेच आपटावा, म्हणजे फिल्मला चिकटलेले बुडबुडे सुटतात. ते राहिले तर निगेटिव्हवर गोल फिकट ठिपके पडतात. पुढे प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला याच पद्धतीने चार वेळा उलटावे. जास्त हलवल्याने चित्र चांगले येत नाही, उजळ भाग तेवढे अधिक काळे आणि कडक होतात. मधल्या वेळात टँक घमेल्यातच उभा ठेवावा, हातात धरून बसू नये, कारण हाताची ऊब आतल्या द्रावणाला चढते. वेळ संपायला दहा सेकंद असताना द्रावण ओतायला सुरुवात करावी.

लगेच स्टॉप बाथ ओतून अर्धा मिनिट हलवावे आणि काढावे. मग फिक्सर. रॅपिड फिक्सर 1+4 प्रमाणात असेल तर 2 ते 5 मिनिटे लागतात, पण नेमका वेळ आपल्याच फिल्मकडून कळतो. रोल चढवताना कापलेली जीभ जपून ठेवावी आणि काम सुरू करण्याआधी तिचा एक तुकडा उजेडात फिक्सरमध्ये टाकावा: दुधी तुकडा पारदर्शक व्हायला जितका वेळ लागेल त्याच्या किमान दुप्पट वेळ रोल फिक्स करावा. तोच फिक्सर पुढच्या अनेक रोलांना चालतो. ताज्या फिक्सरच्या तुलनेत तुकडा स्वच्छ व्हायला दुप्पट वेळ लागू लागला की तो संपला असे समजावे. उरलेला तुकडा डेव्हलपरच्या परीक्षेलाही उपयोगी पडतो. उजेडात डेव्हलपरमध्ये टाकल्यावर तो काही मिनिटांत काळाकुट्ट झाला नाही, तर त्या बाटलीवर रोल सोपवू नये.

फिक्सर झाल्यावर टँक उघडायला हरकत नाही, तरी आधी धुवावे. नळ अर्धा तास वाहता ठेवण्याची जुनी पद्धत आपल्याला परवडणारी नाही. 2016 साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे तर तिचा विचारही करू नये. इल्फर्डने सांगितलेली पद्धत हार्डनर (फिल्मचा थर कडक करणारे रसायन) नसलेल्या रॅपिड फिक्सरसाठी पुरेशी आहे: टँक पाण्याने भरून पाच वेळा उलटावा आणि रिकामा करावा, पुन्हा भरून दहा वेळा, आणि तिसऱ्यांदा भरून वीस वेळा. तिन्ही मिळून एक लिटरपेक्षा कमी पाणी लागते. साधे हायपो किंवा हार्डनर असलेले फिक्सर वापरले असेल तर मात्र आणखी काही वेळा पाणी बदलावे आणि प्रत्येक पाण्यात फिल्म काही मिनिटे राहू द्यावी.

शेवटची बुडवणी डिस्टिल्ड पाण्यात द्यावी आणि त्यात वेटिंग एजंटचे, म्हणजे पाणी थेंब न धरता निथळू देणाऱ्या द्रवाचे, एक-दोन थेंब टाकावेत. बोअरच्या पाण्याने शेवट केला तर फिल्म वाळताना प्रत्येक थेंबाच्या जागी चुन्याचे पांढरे वर्तुळ उरते आणि ते पुढे स्कॅनमध्ये ढगांवर डाग म्हणून दिसते.

वाळवणे आणि साठवणे

फिल्म धुळीपासून वाचवणे काळ्या मातीच्या मुलखात सोपे नाही. न्हाणीघरात गरम पाण्याची बादली दहा मिनिटे ठेवावी, वाफेने धूळ खाली बसते. मग पंखा, कूलर आणि खिडकी बंद करून फिल्म दोरीला चिमट्याने टांगावी आणि खालच्या टोकाला दुसरा चिमटा वजन म्हणून लावावा. फिल्म बोटांनी निपटू नये, ओला थर नखानेही खरवडतो. उन्हाळ्यात दीड-दोन तासांत ती वाळते, पावसाळ्यात रात्रभर ठेवावी. नंतर सहा-सहा फोटोंच्या पट्ट्या कापून निगेटिव्हच्या पारदर्शक पाकिटांत भराव्यात आणि जून ते सप्टेंबर सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवाव्यात, नाहीतर बुरशी धरते.

वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी विरघळलेली असते. तो शोषखड्ड्यात, शेतात किंवा बोअरच्या आसपास ओतू नये. प्लास्टिकच्या डब्यात साठवावा आणि त्यात साध्या लोखंडाची बारीक लोकर, म्हणजे स्टील वूल, टाकून काही दिवस झाकून ठेवावा. लोखंड विरघळते आणि त्याच्या जागी चांदी काळ्या गाळाच्या रूपाने खाली बसते. भांडी घासण्याची स्टेनलेस स्टीलची घासणी येथे चालत नाही. एक्स-रे फिल्म आणि फिक्सर घेणारे भंगारवाले जिल्ह्याच्या ठिकाणी सापडले तर साठवलेला फिक्सर त्यांच्याकडे देणे सर्वांत सोयीचे.

निगेटिव्ह वाचणे

वाळलेली पट्टी खिडकीसमोर धरून आधी तिच्या कडेला छापलेली अक्षरे आणि आकडे पाहावेत. ते कारखान्यात उमटवलेले असतात, त्यामुळे त्यांचा आपल्या कॅमेऱ्याशी काही संबंध नसतो. अक्षरे ठळक काळी आणि फोटो मात्र कोरे असतील, तर धुण्यात दोष नाही. रोल कॅमेऱ्यात पुढे सरकलाच नसावा किंवा शटरमध्ये बिघाड असावा. अक्षरेच नसतील तर डेव्हलपर मेलेला होता किंवा आधी फिक्सर ओतला गेला. फिल्म दुधी दिसत असेल तर फिक्सर कमी पडला आहे; तीच फिल्म पुन्हा फिक्सरमध्ये घालून परत धुता येते.

अक्षरे आणि चित्र दोन्ही फिकट असतील तर पुढच्या रोलला वेळ 15 टक्क्यांनी वाढवावा. आपल्याकडे मात्र उलट तक्रार अधिक आढळते: सावल्या कोऱ्या काचेसारख्या आणि आकाश, पांढरे धोतर, चुन्याची भिंत हे भाग निगेटिव्हवर इतके दाट काळे, की त्यांतून काहीच छापता येत नाही. दुपारच्या उन्हात वेरूळच्या कैलास लेण्याच्या अंगणात काढलेल्या रोलचे हमखास असे होते, कारण माथ्यावर तळपणारे ऊन आणि ओवरीतला काळा खडक एकाच चौकटीत येतात. अशा उन्हातला संपूर्ण रोल एक स्टॉप जास्त, म्हणजे दुप्पट, प्रकाश देऊन काढावा, म्हणजे 400 ची फिल्म 200 धरून, आणि धुण्याचा वेळ 15 ते 20 टक्क्यांनी कमी करावा. 24 अंशांवर 9 मिनिटांऐवजी साडेसात. प्रकाश वाढवल्याने सावलीत तपशील येतो आणि वेळ घटवल्याने उजळ भाग आवरला जातो. कोणत्या रोलला कोणती फिल्म, किती अंश, किती मिनिटे आणि ऊन कसे होते, हे निगेटिव्हच्या पाकिटावरच पेन्सिलीने लिहून ठेवावे.